लाल विंचवाचे विष आणि पोटॅशियम-मार्गिकांचे नियमन

विषांचा अभ्यास दोन भिन्न हेतूंनी होत आलेला आहे. विषबाधा झालेल्या मनुष्याचा प्राण वाचविणे हा पहिला हेतू. आणि विषालाच हत्यार करून निरोगी शरीराचे व्यापार उलगडणे हा दुसरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बर्नार याने कुरारी या दक्षिण अमेरिकेतील बाणविषाच्या साहाय्याने मज्जातंतू व स्नायू यांच्या संधिस्थानाचा शोध घेतला, तेव्हापासून हा दुसरा हेतू शरीरक्रियाविज्ञानात प्रतिष्ठा पावला. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, आढळणाऱ्या लाल विंचवाच्या बाबतीत हे दोन्ही हेतू जवळजवळ एकाच कालखंडात सिद्धीस गेले. पहिला महाडसारख्या तालुक्याच्या गावी, दुसरा अमेरिकेतील एका औषधनिर्मात्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. या दोन घटनांचे इतिहास सामान्यतः वेगवेगळ्या ग्रंथांत सांगितले जातात. ते शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पेशीपटलातील पोटॅशियम-मार्गिकांचे नियमन कसे चालते, याविषयीचे ज्ञान कोणत्या वाटांनी आले आणि कोणत्या वाटांनी आले नाही, हे अधिक स्वच्छ दिसू लागते.

या विंचवाला फॅब्रिसियसने १७९८ साली शास्त्रीय नाव दिले. पुढे त्याची प्रजाती वारंवार बदलली. बूथस, मेसोबूथस आणि अलीकडे हॉटेन्टॉटा अशी तिची नावे होत गेली. ‘टॅम्युलस’ हे जातिनाम मात्र कायम राहिले. आकाराने हा प्राणी मोठा नाही. अंगठ्याएवढ्या काळ्या विंचवापेक्षा तो पुष्कळ लहान आणि दिसण्यात निरुपद्रवी. सरपणाच्या ढिगात, दगडी बांधाच्या फटीत, भिंतीवर टांगलेल्या कपड्यांत किंवा पायताणात तो दडून बसतो आणि उन्हाळ्यात व पावसाळा ओसरल्यावर त्याचे दंश वाढतात. एकनाथांच्या भारुडातील विंचू हा कामक्रोधाचे रूपक आहे, आणि त्यावर उताराही तेथेच सांगितलेला आहे. कोकणातील मांत्रिकांनी प्रत्यक्षातील विंचवावरही तसाच उतारा असल्याचा समज पुष्कळ काळ टिकवून धरला. या समजास एक आधारही होता. बहुसंख्य दंशांत तीव्र वेदनेपलीकडे काही होत नाही, आणि वेदना चोवीस तासांत आपोआप शमते. तिचे श्रेय मंत्राला मिळे. ज्या थोड्या दंशांत विष मोठ्या प्रमाणात अंगात भिनते, तेथे मात्र, विशेषतः मुलांत, पुढचे काही तास निर्णायक ठरत.

कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले, तेव्हा या निर्णायक तासांत नेमके काय घडते याविषयी वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत फारच थोडे लिहिलेले होते. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावतात, हे १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंडले यांच्या पत्रामुळे नोंदले गेले होते. इस्रायलमध्ये गेरॉन आणि त्रिनिदादमध्ये पून-किंग यांनी हृदयावरील परिणाम वर्णिलेले होते. तथापि, उपचार म्हणून जे दिले जात होते त्यात स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपीन आणि शामक औषधांचे मिश्रण यांचाच भरणा होता. १९६१ ते १९८३ या काळात गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के मृत्यू पावत. हे प्रमाण त्या काळातील कित्येक साथींच्या रोगांना लाजविणारे आहे.

बावस्करांनी केलेले पहिले काम वरवर पाहता साधे होते. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले आणि घडणाऱ्या गोष्टी घड्याळ लावून टिपत गेले. प्रथम ओकारी, मग अंगाला दरदरून घाम, हातपाय गार पडणे, पुरुषांत शिश्नाची अनैच्छिक ताठरता. त्याच वेळी रक्तदाब चढलेला, आणि त्यानंतर काही तासांनी हृदयाची शक्ती खचून फुप्फुसांत पाणी. आरंभीची चिन्हे ही पुढील हृदयविकाराची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली लॅन्सेटमध्ये मांडले. या क्रमात एक तर्कशुद्ध अर्थ दडलेला होता. गार हातपाय, घाम आणि वाढलेला दाब ही सर्व लक्षणे अनुकंपी मज्जासंस्थेच्या अतिउत्तेजनाची होत. म्हणजे विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलीन व नॉरअ‍ॅड्रेनलीन यांचा पूर लोटतो, त्यायोगे रोहिण्यांच्या भिंतीतील मृदू स्नायूंवरचे अल्फा-ग्राही चेतविले जातात, वाहिन्या आकसतात आणि थकलेल्या हृदयास त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलावे लागते. हे निदान मान्य केले तर उपचारही त्यातूनच निघतो. वाहिन्या सैल केल्या पाहिजेत.

मध्यंतरी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. ची पदवी घेऊन बावस्कर महाडला परतले. प्रथम त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन पाहिले. ते परिणामकारक होते. परंतु त्याला सतत देखरेख लागते, आणि ग्रामीण रुग्णालयात ती कोठून मिळणार? त्यानंतर त्यांची निवड प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीवर स्थिरावली. ही गोळी अल्फा-१ ग्राही अडवते, स्वस्त असते आणि तोंडाने घेता येते. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी तिचे फळ १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले. पुढे ही गोळी कोकणातील आरोग्य केंद्रांत पोहोचली आणि मृत्यूचे प्रमाण थोड्याच टक्क्यांपर्यंत उतरले. मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती यांनी याच काळात इन्सुलिनचा मार्ग पुरस्कारला होता. त्यामागील चयापचयाचा विचार महत्त्वाचा असला, तरी खेड्यातील डॉक्टरच्या हाती पडण्याजोगे साधन गोळीच ठरली.

येथवरच्या सर्व वृत्तांतात पेशीपटलातील मार्गिकांचा उल्लेख एकदाही आलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बावस्करांच्या तर्काला त्यांची आवश्यकताच नव्हती. विष कोणत्या प्रथिनास बिलगते हे ठाऊक नसताही, त्याच्या अखेरच्या परिणामास अडविता येते.

दुसऱ्या इतिहासाचा आरंभ यापूर्वी कितीतरी वर्षे झालेला होता. पेशीच्या आत पोटॅशियम पुष्कळ आणि बाहेर थोडे असते. सस्तन प्राण्यांत आतील सांद्रता बाहेरच्या सुमारे तीसपट असते. विश्रांत पेशीपटल मुख्यतः पोटॅशियमलाच वाट देते, आणि म्हणून पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने ऋणभारित राहतो, असे बर्नस्टाइन याने १९०२ साली प्रतिपादिले. १९५२ साली हॉजकिन व हक्सली यांनी माखली जातीच्या प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून दाखविले, की पटलावरील विद्युत्-विभव बदलला म्हणजे प्रथम सोडियमची वाट उघडते, मग पोटॅशियमची; आणि पोटॅशियमची वाट उघडल्यामुळेच पेशी पूर्वस्थितीवर येते. अर्थात पोटॅशियमचा प्रवाह हा उत्तेजनाला लगाम घालणारा प्रवाह आहे. या लगामाचे नियमन केवळ विभवानेच होते काय? १९५८ साली हंगेरीत गार्दोश याला असे आढळले, की तांबड्या रक्तपेशींत कॅल्शियम शिरले तर त्यांच्यातून पोटॅशियम झपाट्याने बाहेर पडते. १९७० साली मीच व स्ट्रुमवासर यांनी समुद्री गोगलगायीच्या मज्जापेशीत कॅल्शियम टोचून तोच प्रकार विद्युत्-मापनाने दाखविला. म्हणजे आतल्या कॅल्शियमच्या हातीही लगामाची एक दोरी असते.

नेहर व साकमान यांनी १९७६ साली काचेच्या सूक्ष्म नळीने पटलाचा लहानसा तुकडा चोखून धरण्याची युक्ती काढली, आणि एकेकट्या मार्गिकेचा प्रवाह मोजणे शक्य झाले. या युक्तीने १९८१ साली मार्टी याला अधिवृक्कातील पेशींत कॅल्शियमने उघडणारी अशी एक पोटॅशियम-मार्गिका सापडली, की तिची वाहकता नेहमीच्या पोटॅशियम-मार्गिकांच्या दहापटीहून अधिक होती. हिलाच पुढे ‘मोठी मार्गिका’ म्हणण्याचा प्रघात पडला. इतका प्रचंड प्रवाह वाहू देऊनही ती सोडियमला आत येऊ देत नाही, ही विसंगती त्या काळी अनेकांना अस्वस्थ करीत होती. या प्रथिनाची रचना कळावी तर ते वेगळे काढले पाहिजे, आणि वेगळे काढावयाचे तर त्याला घट्ट चिकटणारे काहीतरी हवे.

ते ‘काहीतरी’ विंचवाकडून आले. १९८५ साली ब्रँडाइस विद्यापीठातील क्रिस्टोफर मिलर आणि त्यांचे सहकारी यांनी इस्रायली विंचवाच्या विषात या मार्गिकेला अडविणारे एक पेप्टाइड असल्याचे जाहीर केले. जहाजे गिळणाऱ्या ग्रीक पुराणातील भोवऱ्यावरून त्याला कॅरिब्डोटॉक्सिन हे नाव मिळाले. शास्त्रज्ञांच्या नामकरणात क्वचितच दिसणारी रसिकता येथे आहे. ते मार्गिकेच्या बाहेरील तोंडावर बुचासारखे बसते. मिलर यांच्याच प्रयोगशाळेत रॉडरिक मॅकिनन यांनी या बुचाच्या साहाय्याने मार्गिकेचे तोंड प्रथिनाच्या कोणत्या भागात आहे हे हुडकले, आणि १९९१ साली विषाच्या बंधनाचेच गणित मांडून पोटॅशियम-मार्गिका चार घटकांची बनलेली असते हे सिद्ध केले. मॅकिनन यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९८ साली उकललेल्या स्फटिकरचनेमुळे. परंतु त्या रचनेपूर्वीची वाट विंचवाच्या विषाने आखलेली होती.

कॅरिब्डोटॉक्सिनात एक उणीव मात्र लवकरच उघड झाली. ते मोठ्या मार्गिकेखेरीज काही विभवनियंत्रित मार्गिकांनाही अडवीत असे. लसीका-पेशींतील मार्गिका हे त्याचे ठळक उदाहरण. परिणामी, एखाद्या पेशीत कॅरिब्डोटॉक्सिन दिल्यावर काही बदल घडला तर तो कोणत्या मार्गिकेमुळे, याचे उत्तर निःसंदेह देता येईना. त्या काळातील कित्येक निबंधांचे निष्कर्ष यामुळे डळमळले.

ही अडचण दूर करणारे पेप्टाइड १९९० साली मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेतील गाल्वेस, गार्सिया, काचोरोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळे केले. ते ज्या विषातून मिळाले, ते बूथस टॅम्युलस म्हणजे भारतीय लाल विंचवाचे. या पेप्टाइडात ३७ अमिनो आम्ले असून गंधकाच्या तीन दुव्यांनी त्याची घडी आवळलेली आहे. कॅरिब्डोटॉक्सिनशी त्याचे साम्य ६८ टक्के. पण उरलेल्या फरकाने वर्तन पालटले: नवे पेप्टाइड मोठ्या मार्गिकेलाच अडविते, इतर मार्गिकांकडे जवळजवळ दुर्लक्ष करते, आणि एकदा बसले की कित्येक मिनिटे हलत नाही. त्याचे नाव इबेरियोटॉक्सिन असे ठेवण्यात आले. भारतातील विंचवाच्या विषाला इबेरियाचे नाव का, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात उद्भवणे साहजिक आहे. निबंधाच्या लेखकांत काही नावे स्पॅनिश आहेत, एवढे त्यावर सांगता येते. जैविक विविधतेसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा आणि भारताचा त्याविषयीचा कायदा २००२ चा. १९९० साली विषाच्या कुपीचे मूळ नावात उमटावे असा दंडक नव्हता, आणि आजही नाही.

या पेप्टाइडामुळे जे कळले, ते पोटॅशियम-मार्गिकांच्या नियमनाच्या इतिहासातील एक अत्यंत सुंदर प्रकरण आहे, आणि ते घडते रोहिणीच्या भिंतीत. मृदू स्नायू आकुंचन पावतो तो पेशीतील कॅल्शियम वाढल्यामुळे. परंतु तेच कॅल्शियम मोठ्या मार्गिकेला उघडते. पोटॅशियम बाहेर जाते, पेशीचा अंतर्भाग अधिक ऋण होतो, कॅल्शियम आत घेणाऱ्या मार्गिका मिटू लागतात, आणि आकुंचन सैलावते. जो हेतू आकुंचनाचा, तोच त्याच्या नियंत्रणाचाही. ब्रेडन व नेल्सन यांनी १९९२ साली रोहिण्यांच्या ताणाच्या संदर्भात हा लगाम दाखविला. १९९५ साली नेल्सन आणि सहकारी यांनी त्याचे रहस्य आणखी खोलात नेले. पेशीच्या आतील कॅल्शियमच्या साठ्यातून पटलाजवळच क्षणभर ठिणगीसारखे थोडे कॅल्शियम सुटते. ते संपूर्ण पेशीला आकुंचित करण्यास अपुरे असते, पण शेजारच्या मोठ्या मार्गिका उघडण्यास पुरेसे असते. ठिणग्या बंद केल्या किंवा इबेरियोटॉक्सिनने मार्गिका अडविल्या, तर रोहिणी सारखीच आकसते. दोन्ही एकदम केले तरी आकुंचन दुणावत नाही. एकाच साखळीच्या दोन कड्या तोडल्याचे ते लक्षण होय. विशिष्ट बुचाशिवाय हा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

त्यानंतरच्या काळात असे दिसून आले, की मार्गिकेचे मुख्य प्रथिन एकटे काम करीत नाही. मृदू स्नायूंत तिच्यासोबत बीटा-१ नावाचा एक सहायक घटक असतो, आणि तो तिची कॅल्शियमविषयीची संवेदना तीव्र करतो. २००० साली हा घटक नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढलेला आढळला. मेंदूत मात्र बीटा-४ हा निराळा घटक असतो. तो जोडला गेला म्हणजे मार्गिका इबेरियोटॉक्सिनला दाद देईनाशी होते, हेही २००० सालीच कळले. यावरून, इबेरियोटॉक्सिनने काही बदल झाला नाही म्हणून तेथे मोठी मार्गिकाच नाही असा जो निष्कर्ष मज्जापेशींविषयी पूर्वी काढला जात असे, तो घाईचा होता असे म्हणणे भाग पडते. याशिवाय नायट्रिक ऑक्साइडसारखे संदेश, त्यांच्या द्वारे कार्यान्वित होणारे किनेझ आणि त्यांच्याकरवी प्रथिनास लागणारे फॉस्फेट हेही या मार्गिकेला उघडण्यास मदत करतात. तात्पर्य, विभव, कॅल्शियम, सहायक घटक आणि फॉस्फेट अशा अनेक दोऱ्या एकाच लगामास बांधलेल्या आहेत.

आता दोन्ही इतिहास एकमेकांसमोर ठेवता येतात. महाडच्या रुग्णाची रोहिणी आकसली होती आणि मर्कच्या कुपीतील पेप्टाइडही रोहिणी आकसविते. मग विंचूदंशातील रक्तदाब इबेरियोटॉक्सिनमुळेच वाढतो, असा मोह पडण्याजोगा निष्कर्ष काढावा काय? तसे करणे बरोबर नाही. लाल विंचवाच्या विषातील मारक भाग मुख्यतः सोडियम-मार्गिकांवर काम करतो. त्या वेळेवर मिटत नाहीत, मज्जातंतू पुनःपुन्हा चेतविले जातात आणि त्यातून अ‍ॅड्रेनलीनचा पूर येतो. पोटॅशियमचा लगाम अडविणारी पेप्टाइडे त्या अवस्थेत भर घालीत असतील. परंतु मूळ आघात त्यांचा नव्हे. कॅरिब्डोटॉक्सिन व इबेरियोटॉक्सिन यांच्या शोधामुळे विंचूदंशाचे रुग्ण वाचू लागले, असे विधान लोकप्रिय विज्ञानलेखनाच्या थाटाला शोभेल. घटनाक्रमाला ते मुळीच धरून नाही. प्राझोसिनचा निबंध १९८६ चा, इबेरियोटॉक्सिनचा १९९० चा. आणि पहिला लिहिणाऱ्याला दुसऱ्याची गरज नव्हती, तशी दुसऱ्यालाही पहिल्याची नव्हती. दोघांना जोडणारा दुवा रोहिणीच्या मृदू स्नायूत आहे, आणि तो मागाहून दिसणारा दुवा आहे. प्राझोसिन नॉरअ‍ॅड्रेनलीनचा आदेश पेशीच्या दारातच अडविते; मोठी मार्गिका त्याच पेशीत आदेशाचा अतिरेक आवरते.

भारतातील प्रयोगशाळांनी या विषाकडे पोटॅशियम-मार्गिकांच्या दृष्टीने पाहिले ते बरेच उशिरा. २००१ साली टॅम्युलसटॉक्सिन नावाच्या पेप्टाइडाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांच्या यादीत मराठी आडनावेही दिसतात, आणि या खेपेस निदान जातिनाम तरी नावात टिकले. २००३ साली मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील लाला आणि बंगळूरचे मॅथ्यू यांच्या गटांनी याच विषातून ‘बीटीके-२’ हे ३२ अमिनो आम्लांचे पेप्टाइड शोधून ते एका विभवनियंत्रित मार्गिकेला अडविते असे दाखविले. इबेरियोटॉक्सिनची जागा यांपैकी कोणालाही घेता आली नाही. साधन म्हणून पेप्टाइडाची किंमत त्याच्या निवडकपणावर ठरते, आणि तेथे पहिल्या शोधाचे पारडे जडच राहिले. २०१३ साली मॅकिनन यांच्या गटाने कॅरिब्डोटॉक्सिन प्रत्यक्ष मार्गिकेत बसलेले असतानाची रचना उकलली. बुचाच्या टोकावरील लायसीन हे अमिनो आम्ल पोटॅशियमच्या अरुंद गळ्यात पोटॅशियमच्याच जागेवर जाऊन बसलेले त्यात दिसते. अगदी तशाच जागी लायसीन इबेरियोटॉक्सिनातही आहे.

महाडचा वृत्तांतही १९८६ साली थांबला नाही. विषाविरुद्ध घोड्यांपासून तयार केलेली लस अल्फा-ग्राही अडविण्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल काय, हा वाद वर्षानुवर्षे चालला होता. बावस्करांनी त्याचा निकाल पारखून लावण्याचे ठरविले आणि ७० रुग्णांवर यादृच्छिक निवडीने चाचणी घेतली. अर्ध्यांना प्राझोसिन, दर किलोग्रॅम वजनास ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी. उरलेल्यांना त्याच्या जोडीस हाफकिनची प्रतिविष लस. दहा तासांत पूर्णपणे बरे झालेले रुग्ण लसीच्या गटात ३५ पैकी ३२ होते, नुसत्या गोळीच्या गटात ३५ पैकी ८. निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला. ज्याने प्राझोसिनचा प्रसार केला, त्यानेच त्याची मर्यादा आकड्यांनी दाखविली. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

इबेरियोटॉक्सिन आज रासायनिक संश्लेषणाने तयार होते आणि मायक्रोग्रॅमच्या मोजमापाने विकले जाते; त्यासाठी विंचू धरावा लागत नाही. प्रतिविष लसीसाठी मात्र तो अजूनही धरावा लागतो. त्याच्या नांगीतून थेंबाथेंबाने काढलेले विष वाढत्या मात्रेने घोड्यांना टोचले जाते आणि त्यांच्या रक्तद्रवातून लस सिद्ध होते. त्या विषात इबेरियोटॉक्सिन असतेच.